जुनाट वेदना : स्वसंमोहन आणि बोधात्मक उपचार यांची सांगड कशी घालावी?

निशिगंध

दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या वेदनांवर उपचार करणाऱ्या एका गटात मी समुपदेशक म्हणून काम करतो. आमच्याकडे येणारी व्यक्ती बहुधा बरेच दवाखाने पालथे घालून आलेली असते आणि मानसशास्त्रीय उपचारांचा विषय निघाला की दोनपैकी एक प्रतिक्रिया हमखास उमटते. काहींना वाटते की आपले दुखणे खोटे ठरवले जात आहे; काहींना वाटते की संमोहनाच्या एका बैठकीत सारे काही नाहीसे होईल. या दोन्ही समजुती बाजूला ठेवून या विषयावर सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम वेदनेविषयी. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ मध्ये केलेली आणि २०२० मध्ये सुधारलेली व्याख्या वेदनेला केवळ संवेदना न म्हणता संवेदनात्मक आणि भावनिक असा दुहेरी अनुभव म्हणते. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करणारे भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९४६ मध्ये नोंदवले होते की गंभीर जखमा असलेल्या अनेक सैनिकांनी वेदनाशामक औषध मागितलेच नाही. त्यांच्या जखमा खऱ्याच होत्या. परंतु त्या जखमेचा त्यांच्या लेखी अर्थ ‘आता रणभूमीतून सुटका झाली’ असा होता, असे स्पष्टीकरण बीचर यांनी दिले. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांत मांडला. शरीराकडून येणारे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवरच कमीअधिक होऊ शकतात आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्यात हस्तक्षेप करतात, हे त्याचे सार. त्यातील शरीररचनेचे काही तपशील पुढे बदलले, पण वेदना ही इजेच्या प्रमाणात वर जाणारी साधी तार नव्हे, हा मुद्दा टिकून राहिला.

संमोहनाच्या दृष्टीने १९९७ मधील पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात सहभागी व्यक्तींचा हात वेदना होईल इतक्या गरम पाण्यात ठेवण्यात आला आणि संमोहित अवस्थेत त्यांना वेदनेच्या तीव्रतेविषयी नव्हे, तर तिच्या त्रासदायकपणाविषयी सूचना देण्यात आल्या. त्रास वाढवण्याची किंवा कमी करण्याची सूचना दिल्यावर मेंदूच्या अग्र सिंग्युलेट भागातील हालचाल त्यानुसार बदलली; स्पर्शसंवेदना नोंदवणाऱ्या भागात मात्र तसा बदल दिसला नाही. म्हणजे ‘किती दुखते’ आणि ‘ते किती छळते’ या दोन गोष्टी मेंदूतही काही अंशी वेगळ्या आहेत. शेजारच्या घरात भिंतीला भोके पाडण्याचे काम चालू असेल तर जीव नकोसा होतो आणि तेच काम आपल्या घरात आपल्या इच्छेने चालू असेल तर तेवढाच आवाज आपण मुकाट्याने सोसतो, तसा हा फरक आहे.

आता दोन्ही पद्धतींविषयी थोडक्यात. स्वसंमोहन म्हणजे लक्ष एका बिंदूवर आणून, शरीर सैल सोडून, त्या एकाग्र अवस्थेत स्वतःला पूर्वनियोजित सूचना देणे. यात शुद्ध हरपत नाही आणि ताबाही सुटत नाही. बोधात्मक उपचारांची मुळे १९६० च्या दशकातील आरोन बेक यांच्या कामात आहेत. डेनिस टर्क, डोनाल्ड माइखेनबाउम आणि माइल्स जेनेस्ट यांनी १९८३ मध्ये ती दृष्टी वेदनेच्या क्षेत्रात व्यवस्थित मांडली. प्रसंग, त्या वेळी मनात आलेला विचार, त्यातून उठलेली भावना आणि मग आपण केलेली कृती यांची नोंद ठेवायची, तो विचार पुराव्यावर घासून पाहायचा आणि त्याजागी अधिक वास्तव विचार बसवायचा, असा तो क्रम असतो.

बहुतेक ठिकाणी या दोन पद्धती स्वतंत्रपणे शिकवल्या जातात आणि येथेच माझे म्हणणे वेगळे आहे. स्वसंमोहनात बहुतेक जण एकच सूचना घेऊन बसतात: ‘वेदना कमी होत आहे.’ ती फळली तर उत्तम, पण फळली नाही तर व्यक्ती अधिकच खचते. उलट बोधात्मक उपचारात तयार केलेला नवा विचार कागदावर पटतो, पण रात्री कळ उठली की कामास येत नाही, कारण तो बुद्धीला पटलेला असतो, अंगवळणी पडलेला नसतो. म्हणून सूचनेचा रोख वेदनेच्या आकड्यावर न ठेवता वेदनेच्या अर्थावर ठेवावा, म्हणजेच कागदावर तयार झालेला विचार संमोहित अवस्थेत सूचना म्हणून वापरावा, असे माझे मत आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील मार्क जेन्सन यांच्या गटाने मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा एक दीर्घकालीन आजार) असलेल्या व्यक्तींवर अशी जोड पद्धत तपासली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जोड पद्धत एकेकट्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. तो अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. परंतु दिशा मला योग्य वाटते.

काटेकोर

लेख मुद्देसूद आहे, तरी काही शंका मांडतो. पहिली शंका अशी की हा सारा प्रकार ‘प्लासिबो’चाच नाही काय? साखरेची गोळी देऊनही लोकांचे दुखणे कमी होते. दुसरी शंका परिणामाच्या आकाराविषयी आहे. दीर्घकालीन वेदनांसाठीच्या मानसशास्त्रीय उपचारांचा कॉक्रेन आढावा (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा) २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७५ अभ्यास आणि ९,४०१ व्यक्तींची माहिती होती. बोधात्मक वर्तन उपचारांनी वेदना, अपंगत्व आणि मानसिक क्लेश यांत होणारी घट ‘लहान’ किंवा ‘अतिशय लहान’ असल्याचा त्याचा निष्कर्ष आहे. संमोहनाच्या बाजूने २०१९ च्या एका मोठ्या विश्लेषणाचा दाखला दिला जातो. त्यात ८५ प्रयोग एकत्र करून अतिसूचनाक्षम (संमोहनातील सूचनांना सहज प्रतिसाद देणाऱ्या) व्यक्तींत ४२ टक्के आणि मध्यम सूचनाक्षम व्यक्तींत २९ टक्के वेदना घटल्याचे म्हटले आहे. परंतु ते प्रयोग प्रयोगशाळेत मुद्दाम निर्माण केलेल्या वेदनांवरचे होते. बर्फाच्या पाण्यात काही क्षण हात बुडवणारा निरोगी विद्यार्थी आणि वर्षानुवर्षे पाठदुखी सोसणारा माणूस यांची तुलना होऊ शकत नाही. रंगमंचावरील संमोहनाच्या खेळांनी या विषयाची आधीच पुरेशी बदनामी केली आहे. त्यात अतिशयोक्त आकड्यांची भर नको.

निशिगंध

काटेकोरजी, शंका रास्त आहेत आणि ८५ प्रयोगांविषयीचा आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे.

प्लासिबोविषयी एक जुना पण बोलका पुरावा आहे. नॅलोक्सोन हे औषध शरीरातील अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखते. १९७५ मध्ये एव्हरम गोल्डस्टीन आणि अर्नेस्ट हिल्गार्ड यांना असे आढळले की नॅलोक्सोन दिल्यावरही संमोहनाने आलेला वेदनाशमनाचा परिणाम टिकून राहिला. त्यानंतर १९७८ मध्ये जॉन लेव्हीन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी दात काढलेल्या रुग्णांत दाखवले की प्लासिबोचा वेदनाशामक परिणाम नॅलोक्सोनने रोखला जातो. दोन्हींचे मार्ग निदान काही प्रमाणात वेगळे असावेत, असे यावरून दिसते. अपेक्षेचा वाटा संमोहनातही असतो, हे मी नाकारणार नाही; माझ्या मते तो नाकारण्याची गरजही नाही.

परिणामाच्या आकाराविषयी मात्र थोडे वेगळे बोलतो. सरासरी लहान आहे हे खरे. पण त्या सरासरीत फारसा फरक न पडलेले अनेक जण आणि पुष्कळ फरक पडलेले काही जण एकत्र मोजलेले असतात. शिवाय शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर सातऐवजी सहा म्हणणारी व्यक्ती पुन्हा कामावर जाऊ लागली असेल, तर तो एक अंक तिच्याविषयी फारच थोडे सांगतो. आमच्या गटात आम्ही वेदनेच्या अंकासोबत झोप, चालण्याचे अंतर, लोकांमध्ये मिसळणे आणि औषधांची मात्रा यांचीही नोंद ठेवतो, आणि अनेकदा अंक तसाच राहून बाकीचे सारे बदललेले दिसते.

पाणपोई

मी या विषयाच्या दुसऱ्या बाजूची आहे. मला अनेक वर्षांपासून सर्वांगदुखीचा विकार आहे आणि तपासण्यांत काही सापडत नसल्यामुळे ‘मनाचे खेळ’ हे शब्द मी इतक्यांदा ऐकले आहेत की निशिगंध यांचा लेख उघडतानाही मन साशंक होते. वेदना खरी मानूनच पुढे जाणारी मांडणी वाचून बरे वाटले.

स्वसंमोहन मी एका तज्ज्ञ बाईंकडून शिकले. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलेली एक गोष्ट येथे नोंदवते, कारण ती मला कुठल्याही ध्वनिफितीत ऐकायला मिळाली नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ध्वनिमुद्रणांत थंडाव्याची सूचना असते: दुखऱ्या भागावर बर्फ ठेवला आहे, गार पाणी वाहत आहे, तो भाग बधिर होत आहे. माझे सांधे थंडीने आखडतात, त्यामुळे ती प्रतिमा मनात आणताच माझे अंग आक्रसून जाई. बाईंनी ती बदलून उबेची केली. हाताच्या पंज्यात ऊब गोळा होत आहे आणि तो पंजा ज्या भागावर ठेवू तेथे ती झिरपत आहे, अशी ती सूचना आहे. पंजा प्रत्यक्षही त्या भागावर ठेवायचा असतो. जळजळणारी, आग होणारी वेदना असलेल्यांना थंडावाच मानवत असेल. सांगायचे इतकेच की दुसऱ्याची प्रतिमा उसनी घेऊ नये.

विचारांच्या नोंदीविषयीही सांगते. सुरुवातीला ते काम मला शाळेतल्या गृहपाठासारखे कंटाळवाणे वाटे. पण त्या वहीतून एक गोष्ट लख्ख दिसली: माझ्या मनात येणारे विचार वेदनेविषयी कमी आणि उद्याविषयी जास्त असत. ‘दुखते आहे’ यापेक्षा ‘आता उद्याही उठता येणार नाही, मग परवाचेही काम राहणार, मग लोक काय म्हणतील’ ही साखळी मला अधिक थकवत असे.

निशिगंध

पाणपोईताई, प्रतिमेविषयीचा आपला अनुभव फार मोलाचा आहे. आपण वर्णन केलेल्या साखळीचा अभ्यासही झालेला आहे. मायकल सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तेरा विधानांची एक प्रश्नावली तयार केली. वेदनेचाच विचार पुन्हा पुन्हा घोळवत राहणे, तिचे संभाव्य परिणाम फुगवून पाहणे आणि आपल्या हाती काहीच नाही असे वाटणे, हे तीन धागे तिच्यातून मोजले जातात. हे तिन्ही घटक जितके जास्त, तितकी वेदना अधिक तीव्र आणि दैनंदिन जीवन अधिक आक्रसलेले, असा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. मात्र ही प्रश्नावली लोकांच्या तोंडावर फेकून ‘तुम्ही उगाच घाबरता’ असे म्हणण्यासाठी नाही. दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या माणसाने वाईटाची अपेक्षा करणे अगदी स्वाभाविक आहे.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या वहीतील ‘आता उद्याही उठता येणार नाही’ हे वाक्य घ्या. ते पुराव्यावर तपासल्यावर कदाचित असे काही हाती येईल: ‘अशा रात्रीनंतरही मी बहुतेक वेळा उठले आहे, फक्त सावकाश.’ हेच वाक्य आपली ऊब गोळा करण्याची सूचना स्थिरावल्यावर, श्वासाच्या लयीत, मनाशी दोनतीनदा म्हणायचे. ते खरे असल्यामुळे मनाला त्याच्याशी भांडावे लागत नाही. ‘मला काहीही दुखत नाही’ ही सूचना शरीर लगेच खोडून काढते. आपले वाक्य त्याला खोडता येत नाही.

उत्तरायण

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि रुग्णांच्या हातातील एमआरआय अहवाल हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. त्या अहवालांतील ‘झीज’, ‘फुगलेली चकती’, ‘दबलेली नस’ हे शब्द माणसाच्या मनात घर करून बसतात. पाठदुखी अजिबात नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मणक्यातील चकत्यांची झीज विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयातील ९६ टक्के लोकांत आढळली. त्यांना दुखत काहीच नव्हते. ही एक माहिती नीट समजावून दिली तरी काहींची पाठ सैल पडते. ज्याला निशिगंध पुरावा तपासणे म्हणत आहेत, त्यासाठीचा पुरावा अनेकदा आमच्याच कपाटात पडून असतो.

दुसरी गोष्ट हालचालीच्या भीतीची. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० मध्ये भीती आणि टाळाटाळ यांच्या चक्राचा आढावा घेतला: दुखते, म्हणून इजा होत असावी असे वाटते, म्हणून हालचाल टाळली जाते, म्हणून स्नायू दुबळे होतात आणि मग थोड्या हालचालीनेही अधिक दुखते. या चक्राचे एक उलटे रूपही मला सारखे दिसते. जरा बरे वाटले की माणूस आठवडाभराची कामे एका दिवसात उरकतो आणि पुढचे काही दिवस अंथरुणाला खिळतो. म्हणून चालणे असो वा व्यायाम, त्याचे प्रमाण वेदनेवर नव्हे तर घड्याळावर ठरवावे, असे मी सांगतो. चांगल्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त करू नये आणि वाईट दिवशीही शक्यतो अगदीच सोडू नये. यातील पहिला अर्धा भाग पाळणे लोकांना दुसऱ्यापेक्षा कितीतरी जड जाते, हे माझे निरीक्षण आहे.

निशिगंध यांना एक विचारायचे आहे. व्यायामाच्या ठीक आधी स्वसंमोहन केले तर चालेल काय? माझी शंका अशी की वेदना दाबली गेल्यामुळे माणूस मर्यादा ओलांडेल.

निशिगंध

उत्तरायणजी, चालेल, पण त्या वेळची सूचना वेदना कमी करण्याची नसावी. ‘मी ठरलेल्या वेळी थांबेन आणि थांबणे हाही व्यायामाचाच भाग आहे’ अशा आशयाची सूचना द्यावी. हालचालीची मनातल्या मनात उजळणी करणेही उपयोगी पडते: वाकताना ज्या क्षणी श्वास रोखला जातो तो क्षण डोळ्यांसमोर आणायचा आणि तेथे श्वास सोडत आहोत असे पाहायचे. तुमची घड्याळाची शिस्त आणि ही उजळणी एकत्र आली तर उत्तमच.

बखरकार

थोडे इतिहासातले. भूल देणाऱ्या ईथरची सार्वजनिक प्रात्यक्षिके बोस्टनमध्ये १८४६ च्या ऑक्टोबरात झाली. त्याच्या आधीच, १८४५ पासून, बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल हे स्कॉटिश शल्यविशारद मेस्मरच्या पद्धतीने, म्हणजे संमोहनाच्या पूर्वरूपाने, रुग्णांना गुंगीत नेऊन मोठ्या शस्त्रक्रिया करत होते. ईथर आणि क्लोरोफॉर्म आल्यावर ही पद्धत मागे पडली, कारण ती वेळखाऊ होती आणि सर्वांवर सारखी चालत नसे. आजच्या काळात बेल्जियममधील लिएज येथे भूलतज्ज्ञ मारी-एलिझाबेथ फेमॉनव्हिल यांनी १९९२ पासून स्थानिक भूल, सौम्य गुंगीचे औषध आणि संमोहन यांची जोड देऊन शस्त्रक्रिया सुरू केल्या. म्हणजे विषय जुना आहे आणि पूर्णपणे मोडीतही निघालेला नाही.

काटेकोर

बखरकारजींची माहिती रंजक आहे. पण शस्त्रक्रियेच्या वेळची वेदना आणि जुनाट वेदना यांची गल्लत होऊ नये. पहिल्या प्रकारात पुरावा खरोखर बरा आहे. २००० मध्ये एल्विरा लँग आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडांवरील छोट्या प्रक्रिया होणाऱ्या २४१ रुग्णांना तीन गटांत विभागले होते: नेहमीची काळजी, आपुलकीने लक्ष देणे आणि स्वसंमोहनातून शिथिलीकरण. नेहमीच्या गटाच्या तुलनेत स्वसंमोहनाच्या गटात औषध कमी लागले आणि वेळ वाढत गेला तरी वेदना वाढल्या नाहीत. परंतु काही तासांच्या प्रक्रियेला सामोरे जाणे आणि तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या वेदनेबरोबर रोज जगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारासाठी मी अजूनही ‘उपयोगी ठरू शकते’ यापेक्षा पुढे जाणार नाही.

एक प्रश्न शिल्लक आहे. सूचनाक्षमता उपजत असेल आणि ती कमी असेल, तर अशा माणसाने या वाटेला जावे का?

निशिगंध

‘उपयोगी ठरू शकते’ हे शब्द मलाही मान्य आहेत. मी सांधे किंवा नसा दुरुस्त करण्याचा दावा करतच नाही.

सूचनाक्षमतेविषयी : आंद्रे वाइट्झेनहॉफर आणि हिल्गार्ड यांनी स्टॅनफर्ड येथे १९५९ मध्ये तिची मोजपट्टी प्रसिद्ध केली. बहुतेक लोक मध्यम गटात येतात. अतिसूचनाक्षम आणि जवळजवळ प्रतिसाद न देणारे, दोन्ही गट लहान असतात. प्रौढ वयात हे प्रमाण बऱ्यापैकी स्थिर राहते. हात बधिर होणे, वेदना शरीराबाहेर सरकवणे अशा सूचना कमी सूचनाक्षमता असणाऱ्यांना सहसा साधत नाहीत. पण शरीर सैल सोडणे, श्वास लांबवणे आणि तपासलेला विचार शांत अवस्थेत घोळवणे यांसाठी फारशा सूचनाक्षमतेची गरज नसते. म्हणूनच सूचनेचा भर अर्थावर ठेवला तर हा मार्ग अधिक लोकांना खुला होतो, असे मला वाटते.

मृदगंध

माझ्या आईला हाडांच्या दुखण्याचा त्रास आहे आणि ती औषधांना कंटाळली आहे. हे वाचून मला एकीकडे आशा वाटते आणि एकीकडे काळजीही वाटते. एखादा गंभीर आजार अशा उपायांखाली झाकला जाण्याचा धोका नाही काय? आणि औषधे बंद करता येतील काय?

उत्तरायण

मृदगंधताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण तो आम्हाला रोज स्वतःला विचारावा लागतो. वेदनेचे वैद्यकीय निदान आधी, स्वसंमोहन नंतर. जुनी वेदना असली तरी तिचे स्वरूप अचानक बदलले, कारण नसताना वजन घटू लागले, ताप येऊ लागला, विश्रांतीतही आणि रात्रीही कळा थांबेनाशा झाल्या, हातापायांत नव्याने अशक्तपणा आला, जांघांच्या मधल्या भागात बधिरता आली, लघवी किंवा शौचावरील ताबा सुटला, पडल्यानंतर नवे दुखणे सुरू झाले, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असून नवे हाडदुखीचे लक्षण दिसले, तर कोणतेही तंत्र वापरत न बसता तातडीने डॉक्टरांकडे जावे. छातीतील कळेबाबत तर एका क्षणाचाही विलंब नको.

निशिगंध

औषधांविषयी : स्वतःहून एकही औषध बंद करू नये. अफूवर्गीय वेदनाशामके, झोपेच्या काही गोळ्या आणि नसांच्या वेदनांवरील काही औषधे एकदम थांबवली तर शरीर तीव्र प्रतिक्रिया देते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागतात. आईंना बरे वाटू लागले तर तेच डॉक्टरांना सांगावे आणि मात्रेचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

आणखी एक इशारा येथेच देतो. भास किंवा भ्रम होणारा मानसिक आजार असेल, किंवा भूतकाळातील आघाताच्या आठवणी उसळून येत असतील, तर स्वसंमोहन स्वतःहून सुरू करू नये. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांच्या सोबतीनेच करावे. वेदनेचे ‘दडलेले कारण’ शोधण्यासाठी संमोहनातून जुन्या आठवणी उकरून काढण्याची जाहिरात कोणी करत असेल तर तेथून परत फिरावे. संमोहनाने आठवणी अधिक अचूक होत नाहीत. चुकीच्या आठवणींवरचा विश्वास मात्र वाढू शकतो.

पाणपोई

प्रत्यक्ष सुरुवात कशी करावी, हे निशिगंध यांनी एकदा सलग लिहावे. माझी पद्धत मी सांगू शकते, पण ती माझ्या बाईंनी माझ्यासाठी शिवून दिलेली आहे.

निशिगंध

लिहितो, परंतु निदान पहिल्या काही बैठका तज्ज्ञांकडून शिकणे अधिक चांगले.

वेदना कमी असलेल्या वेळी सराव सुरू करावा. कळ शिगेला पोहोचली असताना नवे तंत्र शिकणे जवळजवळ अशक्य असते आणि बहुतेकांचा भ्रमनिरास येथेच होतो. पाठीला आधार देऊन बसावे, नजर समोर किंचित वर एका बिंदूवर स्थिर करावी आणि श्वास सोडता सोडता पापण्या जड होऊ द्याव्यात. मग कपाळ, जबडा, खांदे, हात असे क्रमाने सैल सोडत जावे. दुखरा भाग वगळून आधी न दुखणाऱ्या भागांकडे लक्ष द्यावे, ही लहानशी युक्ती मला फार उपयोगी वाटते; सतत दुखणाऱ्या माणसाला आपल्या शरीरात आरामात असलेलाही एखादा भाग आहे, याचाच विसर पडलेला असतो. त्यानंतर दहा ते एक असे अंक सावकाश मोजत, प्रत्येक अंकागणिक लक्ष आत वळवावे.

स्थिरता आली की आधी आपली प्रतिमा आणावी, ऊब असो, थंडावा असो वा दूर सरणारा आवाज असो. तिला दोनतीन मिनिटे द्यावीत. ती पूर्ण साधली नाही तरी पुढे जावे. मग वहीतून आणलेले एकच वाक्य घ्यावे. वाक्य स्वतःच्या बोलीत, वर्तमानकाळी, खरे आणि कृतीकडे नेणारे असावे. शेवटी स्वतःला एक खूण द्यावी: ‘दिवसभरात मी जेव्हा दीर्घ श्वास घेऊन तो सावकाश सोडेन, तेव्हा या स्थिरतेचा थोडा अंश परत येईल.’ मग एक ते पाच मोजून, हातपाय हलवून डोळे उघडावेत. सारे मिळून पंधरावीस मिनिटांत आटोपते. दिवसातून एकदा हा पूर्ण सराव आणि अधूनमधून ती श्वासाची खूण, एवढे पुरे. तो श्वास उठताना किंवा जिना चढण्याआधी, म्हणजे जेथे कळ अपेक्षित असते नेमका तेथे घ्यावा.

वाक्य महिनोन्महिने तेच ठेवू नये. दर काही दिवसांनी वही चाळावी आणि आता कोणता विचार सर्वाधिक सतावतो ते पाहून वाक्य बदलावे. माझ्या पाहण्यात सुरुवातीची वाक्ये बहुधा इजेच्या भीतीची असतात आणि पुढे ती चिडचिडीची, अन्याय झाल्याच्या भावनेची किंवा नात्यांतील ताणाची होतात. त्या टप्प्यावर वेदनेचा अंक हलत नसला तरी काम पुढे चाललेले असते.

मृदगंध

मनापासून धन्यवाद. आईला वाचून दाखवले. ती म्हणते की डोळे मिटून बसले की तिला झोपच लागते. आणि ध्वनिमुद्रण माझ्या आवाजात केले तर चालेल का?

निशिगंध

अवश्य चालेल. ओळखीचा आवाज अनेकांना सोयीचा वाटतो, मात्र सूचना आईंच्याच शब्दांत असाव्यात आणि त्यांनी वाचून मान्य केलेल्या असाव्यात. वाक्यांच्या मध्ये तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त वेळ थांबा. पहिल्या मुद्रणात सगळेच घाई करतात. झोप लागत असेल तर सराव अंथरुणात न करता खुर्चीत आणि सकाळच्या वेळी करावा. रात्री झोपेसाठीच वापरायचे असेल तर वेगळे मुद्रण करावे आणि त्यातील शेवटची डोळे उघडण्याची मोजणी गाळून टाकावी. वाहन चालवताना किंवा गॅसजवळ उभे असताना यांतील कोणतेही मुद्रण लावू नये.